चौंडीच्या वाड्यातून महेश्वरच्या वाड्यात

जामखेड तालुक्यात सीना नदीच्या काठी वसलेल्या चौंडी गावात एक जुना वाडा आहे. दगडी जोते, जाड भिंती, मध्ये चौक आणि चौकाच्या कडेने लाकडी खांबांच्या ओसऱ्या, असे त्याचे रूप. राजवाडा म्हणून डोळे दिपावेत असे त्यात काही नाही. गावच्या पाटलाचे घर जसे असावे तसेच हे घर आहे. तरीही दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आणि थेट माळव्यातून आलेल्या माणसांची येथे रीघ लागते. ३१ मे १७२५ रोजी याच गावी पाटील माणकोजी शिंदे यांच्या घरी एक मुलगी जन्माला आली. पुढे इतिहासाने तिला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर या नावाने ओळखले.

अहमद निजामशहाने १४९० मध्ये पाया घातलेल्या नगराचे आणि त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले, त्यांचे या भूमीतील वास्तव्य मात्र जेमतेम आठ वर्षांचे. उरलेले सारे आयुष्य माळव्यात गेले आणि त्यातील अखेरची २८ वर्षे नर्मदाकाठच्या महेश्वरात. चौंडीचा वाडा त्यांना जन्माने मिळाला, तर महेश्वरचा वाडा त्यांनी स्वतः निवडला. आश्चर्य असे, की दोन्ही घरांत विलक्षण साम्य आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरे आणि धर्मशाळा उभारणाऱ्या या राज्यकर्त्या स्त्रीने स्वतःसाठी बांधले ते पाटलाच्या घरापेक्षा फारसे वेगळे नव्हते. घराचा पैसा कोणता आणि दौलतीचा कोणता, याविषयी त्यांच्या मनात जी स्पष्टता होती, तिचेच हे दृश्य रूप म्हणावे लागेल.

पाटलाचे घर

अठराव्या शतकातील नगरच्या दक्षिण भागातील पाटलाचा वाडा हे निव्वळ राहते घर नसे. गावचा सारा गोळा करणे, तंटे ऐकणे, परगावाहून आलेल्या शिपायाला आणि वाटसरूला थारा देणे ही पाटिलकीची कामे त्याच वाड्यात चालत. म्हणून वाड्याची रचनाही त्या कामांना साजेशी असे. मोठ्या दरवाजातून आत शिरले की दोन्ही बाजूंना पहाऱ्याच्या देवड्या. दरवाजाला आतून आडवा घालावयाचा भक्कम अडसर. पुढे चौक आणि चौकाला लागून ओसरी. गावकरी ओसरीपर्यंत येत, निवाडे तेथेच होत. त्यामागे माजघर, देवघर आणि स्वयंपाकघर. बायकांचा वावर मुख्यतः या आतल्या भागात असे. भिंतीत धान्य साठविण्याचे बळद, जमिनीखाली पेव, परसदारी गोठा आणि आड.

बांधकामाचे साहित्य परिसरातलेच असे. खाली काळ्या दगडाचे जोते आणि वर दगडमातीच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती. लाकडी तुळयांवर बारीक लाकडे अंथरून त्यावर पांढऱ्या मातीचा थर दिला की माळवद तयार होई. पावसाचे मान कमी असलेल्या या प्रदेशात असे छप्पर टिकते, आणि उन्हाळ्यात घर थंड राखते. घर किती मोठे हे खणांत मोजले जाई, म्हणजे दोन खांबांमधील अंतरात. चौंडीत जन्मस्थान म्हणून दाखविला जाणारा वाडा दुरुस्त करून जतन केलेला आहे, पण त्याचे चौसोपी वळण या जुन्या परंपरेतलेच आहे.

अशा घरात वाढणाऱ्या मुलीच्या कानांवर ओसरीवरचे बोलणे पडतच असणार. कोणाची बांधाची तक्रार, कोणाची साऱ्याची सूट, कोणत्या वर्षी पाऊस किती आला आणि बळदात धान्य किती उरले, हा त्या घराचा रोजचा विषय. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत त्या काळी नव्हती. माणकोजींनी आपल्या मुलीला घरीच लिहिण्या-वाचण्याची गोडी लावली, असे परंपरा सांगते. पुढे अहिल्यादेवींनी स्वतः हिशेब तपासले, पत्रव्यवहार पाहिला आणि पोथ्या वाचल्या. त्याची सुरुवात याच घरात झाली असावी.

होळकरांच्या घरी

ज्या घरात अहिल्या सून म्हणून गेली, त्या घराला तेव्हा स्वतःचा वाडा असा फारसा नव्हता. मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ चा, नीरा नदीकाठच्या होळ गावचा. होळकर हे आडनाव त्या गावावरूनच आले. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपल्याने ते खानदेशात तळोदे येथे मामा भोजराज बारगळ यांच्याकडे वाढले. मेंढरे राखणारा हा मुलगा मामाच्या पथकात शिलेदार झाला. मामाची कन्या गौतमाबाई हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे थोरल्या बाजीरावांच्या पदरी राहून मल्हाररावांनी माळव्यात आपले स्थान निर्माण केले. मराठेशाहीच्या उत्तरेकडील विस्तारात राणोजी शिंदे आणि मल्हारराव होळकर ही दोन नावे बरोबरीने घेतली जातात.

लष्करी मोहिमेहून परतताना मल्हाररावांचा मुक्काम सीनाकाठी पडला असता मंदिरात त्यांनी लहानग्या अहिल्येला पाहिले आणि आपला मुलगा खंडेराव याच्यासाठी तिला मागणी घातली, ही कथा चौंडीत आजही सांगितली जाते. कथेचा तपशील काहीही असो, १७३३ मध्ये हा विवाह झाला. वधू आठ वर्षांची, वर दहाच्या आसपास. धनगर समाजातील एका पाटलाची लेक अशा रीतीने मराठेशाहीतील एका उगवत्या सरदाराच्या घरी गेली.

या घराचे निम्मे आयुष्य छावणीत जात असे. मल्हारराव वर्षाचे आठ-आठ महिने मुलुखगिरीवर. मागे कारभार सांभाळीत त्या गौतमाबाई. अहिल्यादेवींनी राज्यकारभाराचे पहिले धडे सासूकडून घेतले. त्यात एक धडा पुढे फार मोलाचा ठरला. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांकडून खासगी जहागीर मिळाली. दौलतीचे उत्पन्न वेगळे आणि खासगीचे वेगळे, अशी ही व्यवस्था होती. दौलतीचा पैसा फौजेवर आणि मुलुखाच्या कारभारावर खर्च होई. खासगीवर अधिकार होळकरांच्या घरातील स्त्रीचा. १७६१ मध्ये गौतमाबाईंचे निधन झाल्यावर ही खासगी अहिल्यादेवींकडे आली. त्यांच्या सगळ्या दानधर्माचे आणि बांधकामांचे मूळ येथे आहे.

मल्हाररावांनी सुनेची पारख लवकर केली होती. तोफखान्याची ने-आण, दारूगोळ्याचा साठा आणि वसुली ही कामे ते तिच्याकडे सोपवीत. १७६५ मधील त्यांच्या पत्रांतून हे स्पष्ट दिसते. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे कसे जावे, तोफा कोठे ठेवाव्यात, वाटेत मुक्काम किती करावा, अशा सूचना ते सुनेला लिहितात. अठराव्या शतकातील सासऱ्याने सुनेला लिहिलेली ही पत्रे त्या काळाविषयीच्या आपल्या ठाम समजुतींना धक्का देणारी आहेत.

एकामागून एक

या घराला मृत्यूंनी ग्रासले. मार्च १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेर किल्ल्याला वेढा पडला असताना तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्यादेवी तेव्हा २९ वर्षांच्याही नव्हत्या. मुलगा मालेराव आणि मुलगी मुक्ताबाई ही दोन लेकरे पदरी होती. रूढीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडविले. कर्ता मुलगा गेला, आता सूनही गेली तर हे घर आणि ही दौलत कोणाच्या भरवशावर चालवायची, हा त्या वृद्ध सरदाराचा प्रश्न होता. अहिल्यादेवी चितेवरून परतल्या त्या त्या प्रश्नाला उत्तर होऊन.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव गेले. सुभेदारीची वस्त्रे नातू मालेरावाला मिळाली. पण त्याचे मन स्थिर नव्हते. १७६७ मध्ये आजारपणात तोही गेला. तेरा वर्षांत पती, सासू, सासरा आणि एकुलता एक मुलगा असे चार आधार गेले. होळकरांच्या घरात उरल्या त्या विधवा अहिल्यादेवी.

दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या मनात वेगळेच होते. एखादे मूल दत्तक घ्यावे आणि कारभार आपण पाहावा, असा त्यांचा बेत. त्यांनी राघोबादादांशी संधान बांधले आणि दादा फौजेसह माळव्यात येऊन ठेपले. अहिल्यादेवींनी घाबरून जाण्याऐवजी चहूकडे पत्रे धाडली. दादांना त्यांनी निरोप पाठविला की बायकांच्या फौजेशी लढून जिंकलात तरी कीर्ती वाढणार नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. निरोपाचे शब्द नेमके काय होते यापेक्षा घडले ते महत्त्वाचे. इतर सरदारांनी दादांना साथ दिली नाही. पुण्याहून थोरल्या माधवरावांनी अहिल्यादेवींचा अधिकार मान्य केला. राघोबादादांना माघार घ्यावी लागली.

त्यानंतर त्यांनी जो निर्णय घेतला, त्यात त्यांची खरी परिपक्वता दिसते. फौजेचे काम त्यांनी तुकोजी होळकरांकडे सोपविले. तुकोजी मल्हाररावांचे पुत्र नव्हते. ते होळकर कुळातील एक अनुभवी, विश्वासू सरदार होते. मुलुखाचा कारभार आणि खजिना मात्र अहिल्यादेवींनी स्वतःच्या हाती ठेवला. ही वाटणी २८ वर्षे टिकली. तिच्यात कुरबुरी नव्हत्या असे नाही. मोहिमांचा खर्च आणि पैशाचा हिशेब यांवरून दोघांत वारंवार खटके उडत. तरीही अहिल्यादेवींच्या हयातीत घर फुटले नाही.

नर्मदाकाठचा वाडा

इंदूरला मल्हाररावांनी मोठा राजवाडा उभारण्यास घेतला होता. सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, अशी त्याची रचना. नव्या सत्तेला शोभेल असेच ते घर होते. अहिल्यादेवींनी ते घर सोडले आणि राजधानी महेश्वरला नेली. नर्मदेच्या उत्तर तीरावरील हे प्राचीन तीर्थक्षेत्र. तेथील किल्ल्यात नदीच्या अगदी काठावर त्यांनी आपला वाडा बांधला.

हा वाडा आजही उभा आहे. मध्ये चौक, भोवती लाकडी खांब आणि कडीपाटाचे दुमजली सोपे. महाराष्ट्रातील एखाद्या गावात असावे असे घर, फक्त त्याला नर्मदेचा शेजार. एका बाजूला त्यांची गादी. ही गादी म्हणजे जमिनीलगतची साधी बैठक, तेथे सिंहासनाचा थाट नाही. देवघर मात्र समृद्ध आहे. तेथे सोन्याचा पाळणा आहे आणि असंख्य शिवलिंगे आहेत. रोज मातीची शिवलिंगे करून, त्यांची पूजा करून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा त्यांनी घालून दिलेला परिपाठ त्यांच्यामागेही चालू राहिला. चौंडीच्या वाड्यात जी विभागणी दिसते तीच येथेही आहे. बाहेर ओसरी, जेथे गाव येते. आत देवघर, जेथे घर असते. फरक इतकाच, की येथे ओसरीवर बसून निवाडा करणारी व्यक्ती स्त्री होती.

त्यांचा दिनक्रम इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी नोंदविला आहे. माल्कम माळव्यात आले तेव्हा अहिल्यादेवींना पाहिलेली माणसे हयात होती. त्यांच्याकडून ऐकून त्यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानवरील ग्रंथात ही माहिती दिली. पहाटे उजाडण्यापूर्वी तासभर आधी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, मग साधे जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळपर्यंत. पुन्हा पूजा आणि अल्पाहार. रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. दरबारात त्या पडद्याआड बसत नसत. तक्रार घेऊन आलेल्याची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. परकीय सत्तेच्या अधिकाऱ्याने, ज्या घराण्याशी त्याचे सैन्य लढले होते त्याच घराण्यातील स्त्रीविषयी, इतक्या आदराने लिहावे ही बाब लक्षणीय आहे.

कारभाराची तत्त्वे पाटलाच्या ओसरीवरचीच होती. सारा बेताचा असावा, ठरला तेवढाच घ्यावा. निपुत्रिक विधवेची मालमत्ता सरकारजमा करण्याचा मोह टाळून तिला दत्तक घेण्याची मुभा द्यावी. विंध्य-सातपुड्यातील भिल्लांनी वाटसरूंकडून पूर्वापार घेतलेली भिलकवडी ही पट्टी त्यांनी मान्य केली आणि बदल्यात वाटांची सुरक्षितता त्यांच्यावर सोपविली. महेश्वरात विणकरांना आणून वसविले. त्यांच्या मागांवरून निघालेल्या महेश्वरी साडीने पुढे देशभर नाव मिळविले. १९७९ मध्ये सुरू झालेल्या रेहवा संस्थेने या विणकामाला पुन्हा उभारी दिली आणि किल्ल्यातले माग खडखडत राहिले.

इतरांसाठी बांधलेली घरे

स्वतःच्या घरावर हात आखडता घेणाऱ्या अहिल्यादेवींनी इतरांसाठी जे बांधले त्याची यादी थक्क करणारी आहे. औरंगजेबाच्या काळात उद्ध्वस्त झालेल्या काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभे केले. काशीतील अहिल्या घाट त्यांच्या नावाने आणि मणिकर्णिका घाट त्यांच्या कामासाठी ओळखला जातो. १७८३ मध्ये सोमनाथाच्या भग्न मंदिराजवळ त्यांनी नवे मंदिर बांधले. तेथे पूजेचे मुख्य शिवलिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात ठेवले. पुन्हा आक्रमण झाले तरी ते सुरक्षित राहावे, हा त्यामागचा विचार मानला जातो. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ चे. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर आज ज्या रूपात दिसते, ते त्यांच्याच जीर्णोद्धाराचे फळ. याखेरीज हरिद्वार, अयोध्या, मथुरा, द्वारका, पुष्कर, नाशिक, पंढरपूर, रामेश्वर अशा कितीतरी ठिकाणी मंदिर, घाट, धर्मशाळा, विहीर, बारव किंवा अन्नछत्र या ना त्या रूपाने त्यांचे नाव जोडलेले आहे.

या यादीतील बहुतेक ठिकाणे होळकरांच्या मुलुखाबाहेरची आहेत. तेथून कर मिळणार नव्हता, सत्ता वाढणार नव्हती. यात्रेकरूला पाणी, सावली आणि रात्रीचा निवारा मिळावा, हा हेतू. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे त्यांच्या काळात उभा राहिलेला रंगमहाल हा त्यातल्या त्यात थाटाचा. कोरीव लाकडी खांब आणि रंगीत भित्तिचित्रे असलेला हा वाडा दक्षिणोत्तर मार्गावरील होळकरांचे कारभाराचे ठाणे होता. चांदवडला टांकसाळही होती आणि तेथला चांदवडी रुपया बाजारात मान्यता पावलेला होता. म्हणजे भव्य बांधण्याची ऐपत आणि दृष्टी दोन्ही त्यांच्याकडे होती. स्वतः राहण्यासाठी त्यांनी ती वापरली नाही.

दानधर्मावर एवढा खर्च करण्यापेक्षा तो फौजेवर झाला असता तर होळकरांची ताकद वाढली असती, अशी टीका त्यांच्यावर झाली आहे. महादजी शिंदे यांनी युरोपीय सेनानी द बॉयनच्या मदतीने कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या आणि १७९३ मध्ये लाखेरीच्या लढाईत होळकरांचा पराभव केला, हे खरे आहे. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील जामगावी महादजींचा विस्तीर्ण वाडा आहे. दोन घराण्यांच्या दोन वाटा कशा वेगळ्या होत्या, हे चौंडी आणि जामगाव पाहून आल्यावर लक्षात येते. मात्र टीका करताना एक गोष्ट विसरली जाते. अहिल्यादेवींचा दानधर्म प्रामुख्याने खासगीतून होत असे. दौलतीचा खजिना त्या फौजेसाठी आणि रयतेसाठी राखीत. तुकोजींशी त्यांचे जे वाद झाले, तेही याच हिशेबाच्या आग्रहातून.

जन्मभूमीशी त्यांचे नाते तुटले नाही, याचीही एक आठवण सांगितली जाते. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी तमाशाच्या फडांत गाजत होते. अहिल्यादेवींनी त्यांच्या प्रतिभेचे कौतुक केले, पण ती कीर्तनाकडे वळवावी असे सुचविले आणि फंदींनी ते मानले, अशी ही आख्यायिका आहे. नगर जिल्ह्याच्या दोन लेकरांची ही भेट लोकांनी आवडीने जपली आहे.

वारस नसलेले घर

राज्य सुरक्षित होते, पण घराचे काय? मुलगी मुक्ताबाई आणि जावई यशवंतराव फणसे यांचा मुलगा नथोबा हा आजीच्या डोळ्यांचा तारा होता. चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असे अहिल्यादेवींनी जाहीर केले होते आणि यशवंतरावांनी ते करून दाखविले, असे सांगतात. वर निवडताना त्यांनी कुळापेक्षा कर्तृत्व पाहिले, हे या कथेचे मर्म.

१७९० मध्ये नथोबा गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतराव गेले. मुक्ताबाईने सती जाण्याचा निश्चय केला. जिला सासऱ्याने सती जाण्यापासून परावृत्त केले होते, तीच आई आता लेकीपुढे पदर पसरून उभी राहिली. पण मुक्ताबाईने ऐकले नाही. तुझे आयुष्य आता फार उरलेले नाही, तुझ्यामागे मी एकटी पडेन, अशा आशयाचे उत्तर तिने आईला दिल्याचे माल्कम यांनी नमूद केले आहे. नर्मदेच्या घाटावर चिता पेटली तेव्हा अहिल्यादेवींना दोघांनी धरून ठेवावे लागले. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही की कोणाशी त्या बोलल्या नाहीत. पुढे त्या पुन्हा गादीवर येऊन बसल्या आणि दरबार सुरू झाला.

सुरत ते रामेश्वर कोणाही वाटसरूला निवारा देऊ शकणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या लेकीला मात्र रोखता आले नाही. महेश्वरच्या वाड्यात फिरताना ही गोष्ट मनातून जात नाही. वाड्याच्या पायऱ्या जेथे संपतात, तेथून तो घाट दिसतो.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अहिल्यादेवींनी महेश्वरातच देह ठेवला. त्यांच्या पोटची एकही व्यक्ती मागे उरली नव्हती.

घरे राहिली

दोन वर्षांत तुकोजीही गेले आणि होळकरांच्या घरात भाऊबंदकी उसळली. १८०१ मध्ये सर्जेराव घाटगे याने इंदूर जाळले, त्यात मल्हाररावांच्या राजवाड्याचेही मोठे नुकसान झाले. पुढे १९०८ आणि १९८४ मध्येही त्या राजवाड्याला आग लागली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली. राजधानी गेल्याने महेश्वर मागे पडले, पण त्यामुळेच तेथील साधा वाडा नवनव्या बांधकामांच्या हव्यासातून वाचला.

खासगीचाही प्रवास लांबला. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९६२ मध्ये खासगीतील देवस्थाने, घाट आणि धर्मशाळा यांच्या देखभालीसाठी न्यास स्थापन झाला. त्यातील मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उभे राहिले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२२ मध्ये न्यायालयाने हा न्यास सार्वजनिक असल्याचे स्पष्ट केले. गौतमाबाईंच्या नावे सुरू झालेली खासगी अखेर सर्वांची ठरली. अहिल्यादेवी ती त्यांच्या हयातीतच सर्वांची मानून खर्च करीत होत्या.

चौंडीचा वाडा या सगळ्यापासून दूर, आपल्या जागी राहिला. अहिल्यादेवींच्या नावे इंदूरचे विद्यापीठ आणि विमानतळ ओळखले जाऊ लागले, २०१९ मध्ये सोलापूर विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. ३१ मे २०२३ रोजी चौंडीतच जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली. त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पूर्ण होत असताना ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक याच गावात भरली आणि जन्मस्थानाच्या विकासासाठी ६८१ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला.

एवढा निधी येतो तेव्हा जुन्या वास्तूसमोर नवी चिंताही उभी राहते. स्मारक मोठे करण्याच्या उत्साहात मूळ घर झाकले जाण्याची भीती असते. संगमरवरी फरशी, उंच कमानी आणि रंगीत दिवे यांनी पर्यटकांची गर्दी वाढेलही. पण माळवद, ओसरी आणि चौक असलेले पाटलाचे घर पाहणाऱ्याला जे सांगते, ते त्या झगमगाटात ऐकू येणार नाही. ज्यांनी स्वतःसाठी साधे घर पुरेसे मानले, त्यांच्या जन्मघराचा साधेपणा सांभाळणे हेच त्यांच्या स्मृतीला धरून होईल.

चौंडीच्या ओसरीवर आज निवाडे होत नाहीत. सहलीला आलेली शाळकरी मुले चौकात रांगेत उभी राहतात, आत डोकावतात आणि खांबांना हात लावून पाहतात. त्यांच्यात आठ वर्षांच्या मुलीही असतात. अहिल्या या दरवाजातून बाहेर पडली तेव्हा तेवढीच होती.